डोंगरावरचं प्रवचन घरात आणताना

३१ डिसेंबरच्या रात्री आपल्या बऱ्याच मंडळ्यांत उपासना संपली की एक ताट फिरतं. त्यात वचनांच्या चिठ्ठ्या असतात. डोळे मिटून एक उचलायची, आणि ते वचन वर्षभरासाठी आपलं. घरी आल्यावर चिठ्ठी फ्रिजवर चिकटते. मार्च उजाडेपर्यंत तिच्यावर दुधाचा हिशेब आणि गॅसची पावती येऊन बसलेली असते.

ताटाशी माझं भांडण नाही. माझ्या आईनं अशीच एक चिठ्ठी पवित्र शास्त्रात घालून आयुष्यभर जपली. पण या चिठ्ठ्यांवर हमखास सापडणारं एक वचन घ्या, यिर्मया २९:११, ज्यात देव म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हे वचन मुळात एका पत्रातलं आहे. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमहून ते पत्र पाठवलं. चिठ्ठीच्या अगदी आधीच्या ओळीत ७० वर्षांचा आकडा आहे. म्हणजे पत्र ऐकायला बसलेल्यांपैकी बहुतेकांचं मरण बाबेलातच होणार होतं. आणि त्याच्याही आधी, पाचव्या ते सातव्या वचनांत, त्यांना कामं सांगितलीत: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी झटा आणि प्रार्थना करा. आपण चिठ्ठीवर आश्वासन घेतलं आणि कामं बाबेलातच ठेवून आलो.

सुटं वचन पाठ असणं पुरेसं असतं तर सैतान मोठा भक्त ठरला असता. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात तो येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवतो.

म्हणून खाली जी रीत सांगतोय, ती एकच सलग भाग घेऊन त्यात मुक्काम करण्याची आहे. भाग आहे मत्तय ५, ६ आणि ७, म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन. ४८, ३४ आणि २९ मिळून १११ वचनं (काही घरांत वचनाला ओवी म्हणतात, तेच). रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला, तेव्हा त्यांना खिळवून ठेवलं ते याच अध्यायांनी. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या हातात तोच मजकूर आहे, फक्त आपल्याला तो इतका सवयीचा झालाय की टोचत नाही.

तयारी

एक साधी वही आणि पेन. मोबाइलवर लिहू नका. लिहिता लिहिता सूचना येते, आणि डोंगरावरून थेट कुणाच्या तरी साखरपुड्याच्या फोटोंत उतरतो आपण.

भाषांतरं दोन ठेवा. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ बहुतेक घरांत असतंच. त्याच्या जोडीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’, किंवा मिळालं तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर, जे त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये थेट हिब्रू आणि ग्रीकवरून केलं. दोन भाषांतरांत जिथे शब्द वेगळा पडतो, तिथे थांबावं. बहुधा तिथेच काहीतरी दडलेलं असतं.

वेळ कुठली? पहाटे पाचला उठण्याचा सल्ला मी देणार नाही. ज्या घरात सहाला डबे भरायचे असतात, तिथे पाचचा संकल्प बुधवारपर्यंत टिकतो. जी वेळ आधीपासूनच रिकामी आहे ती धरा. विरारची लोकल, कुकरच्या शिट्ट्या, मुलाला क्लासहून आणायला गेल्यावर फाटकाबाहेरची दहा मिनिटं. वेळ रोज तीच असावी, एवढं पुरे.

पहिली पायरी: एकदा सगळं मोठ्यानं

पहिल्या रविवारी तिन्ही अध्याय एका बैठकीत मोठ्यानं वाचा. वीस मिनिटांत होतं. घरातलं कुणी ऐकायला बसलं तर उत्तम, नाही बसलं तरी वाचा. हे भाषण होतं, ते कानांसाठी होतं. वाचताना ज्या वचनाशी आवाज अडखळला किंवा मनात ‘हे काही खरं नाही बुवा’ असं आलं, तिथे पेन्सिलीची बारीक खूण करा. जे गोड वाटलं तिथे नको.

दुसरी पायरी: ऐकणाऱ्याला त्याची काय किंमत पडली?

आता खूण केलेल्यांतला एकच तुकडा आठवडाभरासाठी निवडा. उदाहरणाला मी मत्तय ५:२३-२४ घेतो. वेदीवर दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये.

आपण हे वाचतो आणि डोळ्यांसमोर आपलं चर्च येतं, शेजारच्या बाकावरचा माणूस येतो. पण वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात, आणि ऐकणारे होते गालीलचे. मधलं अंतर शंभर किलोमीटरहून जास्त, पायी तीन-चार दिवसांची वाट. बळीचं जनावर तिथेच सोडून गावी परत जायचं, भावाचं दार वाजवायचं आणि पुन्हा तेवढंच चालत यायचं! ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी नक्की हसलं असणार.

आणखी एक गोष्ट हळू वाचल्याशिवाय दिसत नाही. ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर’ असं तिथे लिहिलेलंच नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. म्हणजे हिशेबाची वही त्याची, नाव तुझं.

प्रत्येक तुकड्याला हेच दोन प्रश्न विचारा: समोर कोण बसलं होतं, आणि त्यांना हे केवढ्याला पडलं? पाचव्या अध्यायातला ‘एक कोस’ घ्या. आपल्या भाषांतरात तिथे ‘वेठीस धरून’ असा शब्द आहे आणि तो फार नेमका आहे. रोमी शिपाई वाटेतल्या कुणालाही ओझं उचलायला लावू शकत असे. वेठबिगारी काय असते ते महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्या माणसांत बसून ‘दुसरा कोसही जा’ हे ऐकणं आणि ‘ऑफिसात थोडं जास्त काम करा’ असा त्याचा अर्थ लावणं, यात बरंच अंतर आहे.

तिसरी पायरी: घरच्या बोलीत लिहा

वचन वहीत उतरवू नका. तुमच्या घरात ज्या भाषेत भांडणं होतात त्या भाषेत ते लिहा. वसईचे असाल तर सामवेदी किंवा वाडवळीत, नगरकडचे असाल तर तिकडच्या बोलीत. ‘समेट कर’ हे शास्त्राच्या भाषेत सुंदर दिसतं आणि सुंदर दिसणारी गोष्ट आपण भिंतीवर टांगतो. ‘जा, त्याच्या ओट्यावर जाऊन बस’ असं लिहिलं की पोटात गोळा येतो. तो आला म्हणजे भाषांतर जमलं.

चौथी पायरी: नाव, वार, वेळ

सगळी रीत या पायरीवर उभी आहे, आणि सगळे इथेच घसरतात. बायबल अभ्यासाच्या शेवटी आपण म्हणतो, ‘मी अधिक प्रेमळ होईन’, ‘मी क्षमाशील बनेन’. कुणाशी? कधी? अशा वाक्यांनी कुणाचं काही बिघडत नाही म्हणूनच ती म्हणायला सोपी असतात. वहीत एकच ओळ लिहायची, आणि तिच्यात माणसाचं नाव, वार आणि जमलं तर वेळ हवी. ‘मोठ्या नणंदेला शनिवारी दुपारी फोन करून दागिन्यांबद्दल जे बोलले ते चूक होतं असं सांगणं.’ ‘सोमवारी साहेबांना सांगणं की मागच्या अहवालातला आकडा माझ्याकडून चुकला, टायपिस्टकडून नाही.’

शनिवार आला आणि फोन केला नाही, तर ते लपून राहत नाही. याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आरशाचा दाखला देतो ना, तोंड पाहिलं आणि कसं दिसत होतो ते विसरून गेला. वार लिहिलेली ओळ विसरता येत नाही.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष जाणं

समेटाचंच उदाहरण पुढे नेतो, कारण यात लोक हमखास गोष्ट बिघडवून येतात. मीही बिघडवली आहे.

चुलतभावाशी आमचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. कारण बांध. किती? दीड फूट. नाताळच्या उपासनेला दोन्ही घरं त्याच मंडळीत, डाव्या आणि उजव्या बाकांवर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणालो, ‘माझं चुकलं, पण तूही तलाठ्याकडे जायला नको होतंस.’ तो मोटर दुरुस्त करत होता. मान वर न करता ‘बरं’ म्हणाला. चहा नाही. आमच्याकडे घरी आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. परत येताना कळलं की मी माफी मागायला गेलोच नव्हतो, तक्रार नोंदवून आलो होतो.

तेव्हा जाण्याआधी हे पाहा. वाक्यात ‘पण’ नको. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हेही नको, त्यात चूक त्याच्या वाटण्यावर ढकललेली असते. ‘प्रभूनं मला तुझ्याकडे पाठवलं’ असं तर अजिबात नको, कारण मग समोरच्यानं नकार दिला तर तो थेट प्रभूलाच दिल्यासारखा होतो आणि त्याला बोलायला जागाच उरत नाही. एकटं जा, व्हॉट्सअॅपवर नको. काय चुकलं ते एका वाक्यात सांगा, ठरवून, मोघम नाही. पैशाचं किंवा वस्तूचं नुकसान असेल तर भरपाई सोबत घेऊन जा. जकातदार जक्कयानं चौपट द्यायचं कबूल केलं (लूक १९:८), तो नुसता रडला नाही. आणि मग उठा. उत्तर तिथल्या तिथे मिळालंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एवढंच म्हणालो, ‘दगड मी सरकवला होता.’ वहिनीनं पाणी आणून दिलं. बांध कोर्टाच्या कागदावर अजून तसाच आहे.

दुखावलेले तुम्ही असाल तर वाट वेगळी आहे, ती मत्तय १८:१५ मध्ये. आधी एकट्यानं जाऊन त्यालाच सांगायचं. आपल्याकडे मात्र हे आधी मावशीला कळतं, मग महिला मंडळात ‘प्रार्थना-विनंती’ म्हणून मांडलं जातं. ‘त्या कुटुंबासाठी प्रार्थना करा, तपशील सांगत नाही’ असं म्हणत सगळा तपशील. ही निंदा आहे, शेवटी आमेन म्हटलं तरी.

सहावी पायरी: रात्री दोन मिनिटं

झोपण्याआधी वही उघडून ओळीपुढे लिहा, झालं, नाही झालं, अर्धवट. का, तेही चार शब्दांत. संत इग्नेशियस लोयोलानं सोळाव्या शतकात रोजच्या आत्मपरीक्षणाची शिस्त घालून दिली, कॅथलिक वाचकांना ती परिचयाची असेल. आपण तिचा गरिबाचा अवतार करतोय. ‘नाही झालं’ असेल तर पुढचा वार टाका. स्वतःला झोडपत बसू नका. त्या रडण्यातही एक आराम असतो, रडलं की काम केल्यासारखं वाटतं.

रीत एवढीच. पण प्रवचनातले काही तुकडे आपल्या घरांत हमखास अडतात, त्यांच्याबद्दल थोडं.

होय तर होय. मत्तय ५:३७. मराठी माणसाकडे ‘नाही’साठी एक सभ्य शब्द आहे, ‘बघू’. ‘रविवारी येता का?’ ‘बघू.’ दोघांनाही माहीत असतं. एक आठवडा ‘बघू’ न म्हणता काढून पाहा. मला पहिल्या दिवशी अकरा वेळा जीभ चावावी लागली. त्यापुढची इयत्ता नोकरीतली: राहत नसलेल्या घराच्या भाडेपावत्या, मागची तारीख टाकून केलेल्या सह्या, पोटात दुखतंय म्हणून घेतलेली रजा. हे बंद करायचं तर कर थोडा जास्त भरावा लागेल आणि रजा कमी पडेल. तो खर्च वहीत आकड्यानं लिहा, म्हणजे आज्ञा पाळणं फुकट असतं असा गैरसमज राहणार नाही.

डाव्या हाताला कळू नये. मत्तय ६:३. यावर मी फार बोलत नाही. पुढच्या उपासनेत फक्त वर बघा. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असेल, आणि पंखा फिरू लागला की ते वाचता येत नाही. पंख्याला शास्त्र कळतं. या आठवड्यात एक देणगी अशी द्या की पावती नाही, घोषणा नाही, घरच्यांनाही माहीत नाही.

ऋण. प्रभूच्या प्रार्थनेत आपण दर रविवारी म्हणतो की जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड. मत्तयच्या ग्रीकमध्ये शब्द खरोखरच कर्जाचा आहे. लूक अकराव्या अध्यायात तोच भाग देताना देवाकडे मागताना ‘पापं’ म्हणतो. मराठीनं मत्तयमध्ये ‘ऋण’ ठेवलं, हे आपलं भाग्य, कारण ते पैशापासून सुटू देत नाही. वहीच्या एका पानावर दोन रकाने करा. डावीकडे मला कोण देणं लागतं, उजवीकडे मी कुणाचं लागतो. उसनवार, भिशी, मेव्हण्याचे हॉस्पिटलच्या वेळचे पैसे, सगळं.

सुरुवात उजवीकडून करा. सगळ्यांत आधी कामाला येणाऱ्या मावशींचा पगार. जुन्या करारातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक (२४:१५) म्हणतं की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर असतो. पाच तारखेला ‘सुट्टे नाहीत’, दहा तारखेला ‘दोन खाडे धरले का?’ हे ज्या घरात चालतं, त्या घरातली कौटुंबिक प्रार्थना कितीही लांब असू दे. मग डावा रकाना. जे पैसे परत येणार नाहीत हे तुम्हाला मनातून माहीत आहे आणि ज्यापायी तो माणूस लग्नकार्यात तुम्हाला टाळतो, त्यांच्यातला एक आकडा निवडा, त्याला भेटा आणि सांगा की ते राहू दे. मनातल्या मनात सोडून उपयोग नाही, त्याला कळलं पाहिजे, तरच तो समोरून यायला लागेल. ज्याला देणं शक्य आहे आणि जो मुद्दाम देत नाही, त्याच्याकडे मागण्यात मात्र काही पाप नाही.

उद्याची चिंता. ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.’ याचा आधार घेऊन काही जण विम्याचा हप्ता बुडवतात. त्याच पवित्र शास्त्रात नीतिसूत्रे ६ मध्ये मुंगीकडे बोट दाखवलंय, आणि लूक १४ मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. चिंता आणि तरतूद वेगळ्या करायला कागद लागतो. रात्री छातीवर जे बसतं ते सगळं लिहा. ज्यापुढे उद्या करता येण्याजोगं एक काम लिहिता येतं, ती तरतूद. ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ती चिंता. ती ज्याच्याबद्दल आहे त्या माणसाचं नाव तिच्यापुढे लिहून प्रार्थना करा आणि वही मिटा. महिनोन्महिने झोप नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर वहीवर थांबू नका. डॉक्टरकडे जा, १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर बोला. विश्वास कमी पडला म्हणून आजार झाला, असं सांगणाऱ्याला पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता याची आठवण द्या (कलस्सै ४:१४).

कुसळ आणि मुसळ. सातवा अध्याय. ग्रीकमध्ये घराची तुळई आहे, आपल्याकडे मुसळ आलं आणि चित्र थेट स्वयंपाकघरात उतरलं. हा तुकडा शिकवायला घेऊ नका, फक्त स्वतःला लावा. हे वाचताना ‘अमक्यानं हे वाचायला हवं’ असं ज्या क्षणी वाटतं, तोच मुसळाचा क्षण. आठवड्याचं काम: मंडळीच्या ग्रुपवर कुणाच्या चुकीबद्दल काही टाकावंसं वाटलं की ते वहीत लिहायचं आणि शेवटी ‘मी हेच कधी केलं?’ याचं उत्तर तारखेसह शोधायचं. बहुतेक वेळा सापडतं.

दुसरा गाल. हा तुकडा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण याचा सर्वांत वाईट वापर आपल्याच घरांत होतो. नवरा मारतो आणि बाईला सांगितलं जातं, दुसरा गाल पुढे कर, प्रार्थना कर, घर मोडू नकोस. सांगणारा कधी पाळक असतो, कधी आईच. मत्तय ५:३९ मधला गाल ‘उजवा’ आहे. उजव्या हातानं समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर तळहातानं जमत नाही, उलट्या हातानं मारावं लागतं, आणि तो मार अपमानाचा असतो. तिथे सूड घेऊ नकोस असं शिकवलंय, मार खात राहा असं नाही. स्वतः येशूला महायाजकापुढे शिपायानं चपराक मारली तेव्हा तो गप्प बसला नाही. त्यानं विचारलं, मला का मारतोस? (योहान १८:२३). पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानं आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं, आणि पुढे कैसराकडे दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २२ आणि २५). कायद्याचा आधार घेणं ही शास्त्रातलीच वाट आहे. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. समेटाची वही त्यानंतर, आणि तीही तुम्हाला वाटेल तेव्हा.

मुलांना या रीतीत ओढायचं असेल तर त्यांच्याकडून वही भरून घेऊ नका. तुमच्या ओळीतली एखादी, त्यांच्या वयाला झेपेल अशी, त्यांना वाचून दाखवा आणि रविवारी त्यांना विचारू द्या, ‘पप्पा, काकांकडे गेला होतात का?’ या प्रश्नासमोर पाळकाचा उपदेशही फिका पडतो.

१११ वचनांना आठवड्याला एक तुकडा धरला तर सात-आठ महिने सहज जातात. नंतर याकोबाचं पत्र घ्या, पाचच अध्याय आहेत आणि सगळे कामाला हात घालायला लावणारे. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचायची चांगली चाल आहे, पण ते वाचन वहीशिवाय करा. एका वेळी एकच ओळ चालू असू द्या. माझ्या वहीत तीन ओळी एकदम चालू होत्या त्या महिन्यात मी तिघांचेही फोन टाळले.